७७७ देण्याआधी

प्रवेशाचे दिवस होते. वसमतकडच्या एका महाविद्यालयाच्या ऑनलाइन अर्जांचं काम माझ्याकडे. साइट नव्या सर्व्हरवर हलवली आणि दुसऱ्याच दिवशी फोन सुरू झाले. पान उघडतं, अर्ज भरता येतो, पण फोटो आणि जातीचा दाखला काही केल्या अपलोड होत नाही. सेनगाव, औंढ्याकडची पोरं हिंगोलीत नेट कॅफेसमोर रांगेत उभी. कॅफेवाला म्हणाला, "सर, एक बाप खेड्यावरून दुसऱ्यांदा आलाय, कागदांची पिशवी छातीशी धरून बसलाय."

घाईत मी अख्ख्या साइटला ७७७ परवानगी, म्हणजे कुणालाही वाचायची, लिहायची आणि चालवायची मुभा, देऊन टाकली. अपलोड लगेच सुरू झालं, फोन थांबले.

आठ दिवसांनी फोटोंच्या फोल्डरमध्ये, शेकडो जेपीजींच्या गर्दीत, पीएचपी शेपटीची एक फाइल दिसली. आमचा फॉर्म फाइलचा प्रकार तपासतच नव्हता, तिथून ती आत आली होती. आणि सगळीकडे ७७७ असल्यामुळे तिनं साइटचं मुख्य पानही बदलून टाकलं होतं. मुलांचे दाखले त्याच फोल्डरमध्ये होते. ते कुणी नेले का, या प्राचार्यांच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मूळ दोष एवढासा होता. फाइली मी रूट म्हणून कॉपी केल्या, त्यामुळे मालक रूट झाला. त्या सर्व्हरवर अपाचे मात्र चालत होतं 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा' या युजरच्या नावानं. ७५५ परवानगीच्या फोल्डरमध्ये फक्त मालकाला लिहिता येतं, त्यामुळे त्याला तिथलं वाचता येत होतं, लिहिता येत नव्हतं. साइट दिसत होती आणि अपलोड अडत होतं, ते यामुळे. एरर लॉगमध्ये 'परमिशन डिनाइड' ही ओळ पहिल्या दिवसापासून होती. मीच लॉग उघडला नव्हता.

म्हणून कळकळीनं सांगतो, आधी लॉग वाचा. मग वेब सर्व्हर कोणत्या युजरनं चालतो ते बघा आणि सुडो वापरून त्याच युजरच्या नावानं अपलोड फोल्डरमध्ये एक रिकामी फाइल तयार करून पाहा. झाली नाही तर मालकी बदला, तीही फक्त त्या एका फोल्डरची. वरच्या प्रत्येक फोल्डरवर त्या युजरला एक्सिक्यूट परवानगी लागते, ती नसेल तरी वाट अडते. अल्मा किंवा रॉकी लिनक्स असेल आणि परवानग्या बरोबर दिसत असतील, तर एसईलिनक्सचं लेबल तपासा. एसईलिनक्स बंद करू नका. फक्त मोठ्याच फाइली अडत असतील तर परवानग्यांना हात लावू नका. पीएचपीची मूळ मर्यादा २ एमबी आहे, एन्जिनएक्सची १ एमबी.

अपलोडच्या फोल्डरमध्ये पीएचपी चालणं बंद करा. दाखल्यांसारखी कागदपत्रं साइटच्या फोल्डरबाहेर ठेवा.

तो सर्व्हर मी पुसून पुन्हा उभा केला. आता तिथं वेब सर्व्हरला साइटच्या एकाही फाइलमध्ये लिहिता येत नाही. लिहिता येतं ते फक्त अपलोडच्या फोल्डरमध्ये.