कागदावर नाव एकाचं, चिखलात पाय दुसऱ्याचे

वर्तकनगरच्या म्हाडा वसाहतीत चूल ठाण्यात आणि सातबारा गावाला, अशी बरीच घरं आहेत. आमचं त्यातलंच एक. वडील कारखान्यातल्या नोकरीसाठी इथे आले आणि मुरबाडकडची भाताची खाचरं गावातल्याच एका कुटुंबाकडे अर्धेलीने राहिली. वडिलांच्या हयातीत हा व्यवहार नुसत्या शब्दावर चालला. ते गेले आणि थोड्याच काळात तो मोडला.

माझे आजोबा स्वतः कुळ होते. 1948 च्या कुळकायद्यामुळे 1 एप्रिल 1957 रोजी कसणारी कुळं मालक ठरली आणि ही जमीन आमच्या नावावर आली. तो हक्क सहज मिळालेला नव्हता. अलिबागजवळच्या चरीत नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी 1933 पासून सहा वर्षं संप केला आणि जमिनी पडीक ठेवल्या. 1945 मध्ये आपल्या टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली. त्याच वर्षी गोदावरी आणि शामराव परुळेकरांसोबत वारली वेठबिगारीविरुद्ध उभे राहिले. कुळाचीच नातवंडं असलेल्या आमच्या घरातही पुढे कसणाऱ्यावर अन्याय झाला.

एका वर्षी परतीच्या पावसात कापलेलं भात खाचरातच भिजून उगवलं. पंचनामा झाला आणि भरपाई सातबाऱ्यावर नाव असलेल्या थोरल्या भावाच्या खात्यात आली. बियाणं, खत आणि लावणीची मजुरी मात्र गावातल्या त्या कुटुंबातल्या, शेत कसणाऱ्या काकांनी भरली होती. भाऊ म्हणाला, "जमीन आपली, पैसे आपले." त्यातच कुणीतरी भीती घातली की कुळ लागेल, दरवर्षी माणूस बदला. काकांनी शेत सोडलं. नव्या माणसाने एक हंगाम केला, पण फुटलेला बांध घातला नाही. पुढच्या वर्षी आपण इथे नसणार हे ठाऊक असताना तो कशाला घालेल? आता त्या खाचरांत पाणी थांबत नाही.

भरपाई, खरेदी केंद्रावरच्या भाताचे पैसे आणि सरकारी बोनस, हे सगळं कागदावरच्या नावाला मिळतं. नुकसान मात्र चिखलात उभ्या असलेल्या माणसाचं होतं. मालक आणि कसणारा यांच्यात बिनसतं ते बहुतेक वेळा इथेच. म्हणून पुढच्या गोष्टी वेळेत ठरवा.

पहिली गोष्ट पैशाची. भात, पेंढा, बोनस आणि भरपाई, प्रत्येकात कुणाचा किती वाटा ते पेरणीआधी लिहून ठेवा. ज्याने खर्च केला त्याचा खर्च आधी फिटावा आणि उरलेलं वाट्याप्रमाणे वाटावं, हा नियम मला न्याय्य वाटतो. ठराविक खंड असेल तर पीक बुडालेल्या वर्षी तो किती सोडायचा, हेही लिहा.

दुसरी गोष्ट जमिनीची. बांधबंदिस्ती, शेणखत आणि कुंपण हे खर्च मालकाने उचलावेत, निदान अर्धे तरी. त्यांचा फायदा जमिनीत राहतो आणि जमीन मालकाची असते.

तिसरी गोष्ट कायद्याची. दरवर्षी माणूस बदलला की आपण सुरक्षित, हा समज धोक्याचा आहे. दुसऱ्याची जमीन कायदेशीरपणे कसणारा कुळ मानला जाऊ शकतो. मजुरीवर ठेवलेल्या गड्याला यातून वगळलं आहे, पण मजुरी म्हणून पिकाचा वाटा घेणाऱ्याला वगळलेलं नाही. म्हणून करार करण्याआधी महसुली कायदा जाणणाऱ्या वकिलाला विचारा आणि जे ठरेल ते कसणाऱ्यालाही समजावून सांगा. पीक विम्यासाठी कसणाऱ्याला नोंदणीकृत भाडेकरार लागतो. तो करायचा की नाही, हे दोघांनी समोरासमोर ठरवावं. ई-पीक पाहणीत खोटी नोंद करू नका. पुढे वाद झाला तर ती दोघांनाही नडते.

चौथी गोष्ट वारसांची, आणि आमच्या घरात तीच राहून गेली. वडील आणि काका यांच्यात काय ठरलं होतं ते आम्हा भावंडांना माहीत नव्हतं, काकांच्या मुलांनाही नव्हतं. दोन्ही घरांतल्या सगळ्या सज्ञान मुलांना बसवून कागद वाचून दाखवा आणि त्यावर सह्या घ्या.

कसणाऱ्यांनाही माझं सांगणं आहे. खत-बियाण्याच्या पावत्या जपा, मजुरीचा हिशोब वहीत लिहा आणि झोडणीच्या दिवशी मालकाला खळ्यावर बोलवा. हिशोब मागितला म्हणजे अविश्वास दाखवला असं होत नाही.

शहरात राहून शेत राखायचं असेल, तर राबणारा माणूस आधी राखावा लागतो. मे महिन्यात आंबे आणायला गावी जाल, तेव्हा सोबत वही न्या आणि पाऊस पडायच्या आत हे बोलणं पुरं करा.