टेन्शन उतरले तरी गोळी सुटत नाही

उच्च रक्तदाब असलेल्यांच्या हृदयाला मानसिक ताण दोन वाटांनी इजा करतो. पहिली वाट सरळ आहे. राग, भीती किंवा घाईगर्दीत ॲड्रेनलिन वाढते, नाडी जलद चालते, रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब चढतो. निरोगी माणसात तो लवकर उतरतो. ज्याचा मुळातच 150-160 असतो, त्याचा धोक्याच्या पातळीपर्यंत जाऊ शकतो. दुसरी वाट आडवळणाची आणि बहुधा जास्त नुकसान करणारी आहे. ताण घालवायला माणूस काय करतो, यावर ती ठरते. तंबाखूची चिमूट, मिश्री, सिगारेट, रात्रीचे दोन पेग, फरसाणाची वाटी, अपुरी झोप आणि या सगळ्यात राहून गेलेली गोळी, हे सारे थेट हृदयाच्या खात्यात जमा होते.

2004 साली प्रसिद्ध झालेल्या ‘इंटरहार्ट’ या 52 देशांतील अभ्यासात हृदयविकाराच्या झटक्याच्या 9 प्रमुख कारणांमध्ये रक्तदाब आणि मानसिक ताण ही दोन्ही कारणे स्वतंत्रपणे आढळली. म्हणूनच एकावरचा उपाय दुसऱ्याला पुरत नाही.

पुण्यातल्या दवाखान्यांत मात्र एकच वाक्य पुन्हा पुन्हा ऐकू येते : “डॉक्टर, बीपी टेन्शनमुळे आहे. टेन्शन गेलं की उतरेल.” कोथरूडहून हिंजवडीला रोज दुचाकीने जाणाऱ्या, पंचेचाळिशीतल्या एका गृहस्थांनी रजेत कोकणातल्या गावी रक्तदाब मोजला. तो 128/82 भरला. गोळी बंद झाली. दोन महिन्यांनी जिना चढताना दम लागू लागला, तेव्हा आकडा होता 176/104. रजेतला चांगला आकडा केवळ विश्रांतीचा नव्हता. गोळी तेव्हा चालू होती. रक्तदाब ताब्यात आला, याचा अर्थ गोळी काम करते आहे. काही गोळ्या एकदम थांबवल्या तर रक्तदाब उसळी घेतो, हेही लक्षात ठेवावे. ‘सवय लागते’ या भीतीने गोळी टाळणे साफ चूक आहे.

याचा अर्थ मन शांत ठेवणे व्यर्थ आहे, असा नाही. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते आणि सहकाऱ्यांनी 1969 साली शवासनाचा रक्तदाबावरील परिणाम प्रसिद्ध केला. 47 रुग्णांच्या त्या अभ्यासात अनेकांचा रक्तदाब उतरला, काहींना औषधही कमी लागले. पण ते औषध डॉक्टरांनी रक्तदाब मोजत मोजत कमी केले होते. मोबाइलवरचा व्हिडिओ पाहून गोळ्यांची पट्टी कपाटात ठेवून देणे ही निराळी गोष्ट आहे.

ऐकीव माहितीवर सर्पगंधा घेणाऱ्यांनी तर विशेष जपावे. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 साली तिच्या रक्तदाबावरील गुणाची नोंद जगापुढे ठेवली, हे खरे. पण तिच्यातल्या रेसर्पिनमुळे मन खिन्न होऊ शकते आणि नाडीही मंदावते. चालू गोळ्यांत तिची भर स्वतःच्या मनाने घालणे घातक आहे.

ताण हाताळण्याचे खरे उपाय साधे आहेत. जो प्रश्न सुटण्याजोगा आहे, तो सोडवायला घ्यावा. जो नाही, तो जवळच्या माणसाशी बोलावा. राग गिळणे आणि राग ओकणे, दोन्ही टाळावे. रोज अर्धा तास चालणे, सात तास झोप, सावकाश दीर्घ श्वसन, दिवसाकाठी 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ. लोणचे-पापडातले मीठही त्यातच धरावे. उदासी दोन आठवडे हटली नाही तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जाण्यात कमीपणा नाही.

घरी रक्तदाब मोजताना त्याआधी अर्धा तास चहा-तंबाखू नको. पाच मिनिटे पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून बसावे, हात हृदयाच्या पातळीत असावा. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून वहीत लिहावे. घरचा आकडा वारंवार 135/85 किंवा त्याहून जास्त येत असेल तर डॉक्टरांना दाखवावे. एकाच वाढीव आकड्याने घाबरून जादा गोळी घेऊ नये.

पर्वतीच्या 103 पायऱ्या चढताना छातीवर दडपण आले, तर ‘टेन्शन’ किंवा ‘गॅस’ म्हणून सोडा पिऊन पुढे जाऊ नये. जबडा, डावा हात किंवा पाठीत जाणारी कळ, दरदरून घाम, धाप. तोंड वाकडे होणे, हातातली शक्ती जाणे, बोलणे अडखळणे. किंवा यांतील एखाद्या त्रासासोबत 180/120 च्या वरचा रक्तदाब, ही आणीबाणी आहे. स्त्रिया आणि मधुमेहींना छातीत न दुखता नुसता थकवा किंवा मळमळही होऊ शकते. अशा वेळी स्वतः गाडी चालवू नये. 108 वर फोन करावा.

नियमित गोळी, नियमित मोजणी आणि शांत मन, तिन्ही सांभाळणाऱ्या रुग्णाला रक्तदाबासह दीर्घ, कामाचे आयुष्य जगता येते. गोळी बंद करायची की कमी, हे मात्र डॉक्टरांनाच ठरवू द्यावे.