बनगावची छावणी

१९७१ साली पूर्व बंगालातून लक्षावधी निर्वासित भारतात आले. पश्चिम बंगालमधील बनगाव येथे त्यांच्यामध्ये पटकीची साथ उसळली. जुलाब व वांत्या यांमुळे शरीरातील पाणी आणि क्षार निघून जात व हसती-खेळती मुले काही तासांतच प्राण सोडीत. शिरेतून सलाईन देणे हा तेव्हाचा मान्य उपाय. पण बाटल्या संपत आल्या होत्या.

तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी १ लिटर पाण्यात २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ व २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा मिसळून ते पाणी रोग्यांस पाजण्याचे ठरविले. नुसत्या पाण्याने हे कार्य साधत नाही. आतडे ग्लुकोज शोषून घेते, तेव्हा त्यासोबत मिठातील सोडियम आत जाते व त्यांच्यामागून पाणी. पटकीतही ही वाट खुली राहते. इस्पितळांतील प्रयोगांत हे दिसून आले होते. पण औषध आयाबापांच्या हाती सोपवावे, हे अनेक डॉक्टरांस पटत नव्हते. बनगावात दुसरा इलाजच नव्हता! पिंपांतून पाणी भरून घ्यावे आणि उशाशी बसून घोटघोट पाजीत राहावे, हे काम नातलगांनीच केले.

तेथील मृत्यूंचे प्रमाण शेकडा सुमारे ३० होते. ते शेकडा ४ च्याही खाली आले.