मृतांचा मान आणि संग्रहालयांचें कर्तव्य

पदार्थसंग्रहालयें एकमेकांस वस्तु उसन्या देतात. मूर्ति, नाणें किंवा चित्र ठराविक मुदतीकरितां परगांवीं पाठविलें, म्हणजे तेथील लोकांसहि त्यापासून ज्ञान मिळतें. परंतु पाठवावयाचा तो मनुष्याचा देहच असेल तर? २०१२ सालीं ब्रिटिश म्यूझियमकडून मुंबईच्या वस्तुसंग्रहालयांत इजिप्तची ममी प्रदर्शनासाठीं आली होती. तेव्हां हा प्रश्न आपल्यापासून फारसा दूर नाहीं. तो समजण्यासाठीं एक उदाहरण घेऊं.

इंग्लंडांतील चेशर परगण्यांत लिंडो मॉस नांवाची दलदल आहे. तेथें पीट, म्हणजे शेंकडों वर्षें दबून राहिलेल्या शेवाळाची माती, खणण्याचें काम चाले. १९८४ च्या ऑगस्टमध्यें एका मजुरानें लाकूड समजून जी वस्तु उचलली, तें मनुष्याचें पाऊल निघालें. पुढें कमरेवरील देहहि सांपडला. पीटच्या पाण्यांत प्राणवायु जवळजवळ नसतो व आम्ल असतें. त्यामुळें कातडें कमावलेल्या चामड्याप्रमाणें टिकलें. हा सुमारें पंचवीस वर्षांचा तरुण, अंदाजें १९०० ते २००० वर्षांपूर्वींचा. त्याच्या डोक्यावर घाव होते, गळ्याभोंवतीं दोरी आवळलेली होती व गळा चिरलेला होता. पोटांत धान्याच्या भाजलेल्या भाकरीचे कण मिळाले. त्यानें शेवटीं काय खाल्लें हें आज आपणांस कळतें. त्याचें नांव मात्र कळत नाहीं.

हा देह लंडनच्या ब्रिटिश म्यूझियमच्या ताब्यांत आहे. जवळच्या मँचेस्टर येथील संग्रहालयास तो १९८७, १९९१ व २००८ सालीं उसना मिळाला. हा तरुण कायमचा आपल्याच भागांत रहावा, अशी तिकडील पुष्कळांची मागणी होती. ती मान्य झाली नाहीं. २००८ च्या प्रदर्शनांत शास्त्रज्ञांच्या मतांबरोबर पीट खणणारे मजूर, गांवची एक बाई व प्राचीन देवतांस भजणारी एक उपासिका यांचेंहि म्हणणें मांडलें होतें. त्याच वर्षीं त्या संग्रहालयानें आदर म्हणून कांहीं ममी कापडानें झांकल्या. परंतु प्रेक्षकांनीं तक्रार केल्यावर हा निर्णय बदलावा लागला.

दोन्ही पक्षांस बळ आहे. त्या प्रदेशांतील तत्कालीन सामान्य माणसानें स्वतःविषयीं कांहीं लिहून ठेविलें नाहीं. अशा वेळीं त्याचा देह हाच एकमेव साक्षी होय. उलट पक्षीं, क्रूरपणें मारलेल्या मनुष्यास कांचेच्या पेटींत ठेवितांना त्याची अनुमति कोणीं घेतली?

जेथें वंशज हयात आहेत, तेथें उत्तर अधिक स्पष्ट आहे. इंग्लंडांत २००४ च्या कायद्यानें कांहीं राष्ट्रीय संग्रहालयांस सहस्र वर्षांच्या आंतील मानवी अवशेष परत देण्याची मोकळीक मिळाली. त्यानुसार २००६ सालीं ब्रिटिश म्यूझियमनें टास्मानियाच्या मूळ रहिवाशांस त्यांच्या पूर्वजांच्या रक्षेच्या दोन पुरचुंड्या परत देण्याचें मान्य केलें.

पवित्र शास्त्रांत योसेफाची गोष्ट आपण वाचतों. मिसर देशांत त्याच्या देहास मसाला भरला गेला. परंतु आपल्या अस्थि येथून न्याव्या, अशी शपथ त्यानें बांधवांकडून घेतली होती. पुढच्या पिढ्यांनीं ती पाळली व त्या अस्थि शखेमांत पुरल्या. योसेफाची इच्छा ठाऊक होती, म्हणून कर्तव्यहि ठाऊक होतें. लिंडोच्या तरुणाची इच्छा सांगणारा कोणी उरला नाहीं. म्हणून त्याचे आप्त आतां आपण सर्वच आहों, असें मानणें मला योग्य वाटतें.

आप्तानें काय करावें? आप्ताच्या देहाचा तमाशा मांडूं नये. केवळ गर्दी जमविण्यासाठीं तो गांवोगांव पाठवूं नये. जेथें त्याच्याविषयीं कांहीं शिकविलें जाईल, तेथेंच पाठवावा. दाराशीं आगाऊ सूचना असावी, म्हणजे ज्यास पाहावयाचें नाहीं त्यास टाळतां येईल.

विद्यार्थिमित्रहो, अशा पेटीपुढें उभें राहण्याचा प्रसंग आला, तर थट्टा करूं नका व बोट दाखवून हंसूं नका. शेजारची पाटी शेवटपर्यंत वाचा. ज्यानें तुमच्याआमच्याप्रमाणें भाकरी खाल्ली, त्याला निदान एवढा मान देणें आपल्या हातीं आहे.