जुना कोट घेताना

मुंबईत भेंडीबाजाराजवळच्या चोरबाजारात जुम्याच्या पहाटे जुना माल स्वस्तात मिळतो. जुने कोट घेऊन दुरुस्त करून विकणाऱ्या शिंपी बांधवांना आम्ही सांगू, भावाआधी शिवण पाहा. कोट उलटा करून काखेतले अस्तर तपासा. उजेडाकडे धरला की कसरीची भोके दिसतात. आतला एक धागा मागून जाळावा : केस जळल्याचा वास, चुरा होणारी राख म्हणजे लोकर, कडक गोळी झाली तर पॉलिएस्टर. भोक रफूगर बुजवील, बाही आखूड होईल. खांदा बदलणे मात्र परवडत नाही, तो मापाचाच हवा. रफूची जागा गिऱ्हाईकाला आधी दाखवावी, ऐब लपवून मिळालेला नफा हलाल कसा? आणि कोट झटकून, ऊन दाखवूनच दुकानात टांगा. एका कोटातली कसर साऱ्या लोकरी मालाला लागते.