जैतापूरची फ्रेंच वीज धाराशिवच्या बिलात किती रुपयांची?

जैतापूर प्रकल्पात रत्नागिरी जिल्ह्यातल्या माडबनला सहा फ्रेंच अणुभट्ट्या उभ्या करायच्या, प्रत्येकी सुमारे १६५० मेगावॉटच्या, असा मूळ करार डिसेंबर २०१० मध्ये न्यूक्लिअर पॉवर कॉर्पोरेशन आणि फ्रान्सची अरेवा यांच्यात झाला. पुढे अरेवाच्या जागी फ्रान्सचीच वीज कंपनी ईडीएफ आली आणि एप्रिल २०२१ मध्ये तिने बंधनकारक प्रस्ताव दिला. युनिटमागे दर किती, हे मात्र त्या वेळी जाहीर झालं नाही.

माडबन आपल्यापासून लांब आहे, म्हणून हा प्रश्न कोकणाचा असं धाराशिवच्या ग्राहकाने मानू नये. महावितरण वीज कुठूनही घेवो, खरेदीचा खर्च राज्यभरातल्या तिच्या ग्राहकांवर वाटला जातो. कळंबची पिठाची गिरणी असो की तुळजापूरचा लॉज, दोघांच्या बिलात तो येतो. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपाचं बिल सध्या शासन भरतं, पण तो पैसाही आपल्याच करांतून जातो.

किंमत आधी जाहीर झाली नाही तरी तिचा अंदाज घरी काढता येतो. प्रकल्पाचा एकूण खर्च भागिले मेगावॉट, म्हणजे एका मेगावॉटला किती कोटी, हे काढा आणि त्या आकड्याला सातने भागा. येईल ते युनिटमागचे रुपये. यामागचं गणित साधं आहे. भट्टी वर्षातला ८० टक्के वेळ पूर्ण क्षमतेने चालली, तर एक मेगावॉट साधारण ७० लाख युनिट देतो. गुंतवलेल्या भांडवलावर व्याज आणि परतावा मिळून वर्षाला १० टक्के धरले आहेत. इंधन, देखभाल आणि बांधकामकाळातलं व्याज यात नाही, त्यामुळे खरा दर यापेक्षा वरच असणार.

आता आकडे घालून पाहू. जैतापूरसाठी ठरलेल्या जातीचीच भट्टी फ्रान्सने स्वतःच्या फ्लामांव्हिल गावी बांधली. २००७ मध्ये काम सुरू झालं तेव्हा अंदाज ३.३ अब्ज युरोंचा होता. वीजजाळ्याला ती जोडली गेली डिसेंबर २०२४ मध्ये, आणि ईडीएफच्या हिशेबाने खर्च १३.२ अब्ज युरोंवर गेला, तोही २०१५ च्या किमतींत आणि व्याज सोडून. युरो शंभर रुपयांचा धरला तर मेगावॉटला सुमारे ८१ कोटी पडतात. सातने भागा: साडेअकरा रुपये. बांगलादेशात रूपपूरला रशिया २४०० मेगावॉटचं केंद्र १२.६५ अब्ज डॉलरला बांधत आहे, त्यातले ९० टक्के रशियाच्याच कर्जातून. डॉलर ८५ रुपये धरून तिथे सुमारे साडेसहा रुपये येतात. आणि आपल्याच तंत्राच्या ७०० मेगावॉटच्या दहा भट्ट्यांना केंद्राने २०१७ मध्ये १,०५,००० कोटी मंजूर केले, म्हणजे मेगावॉटला १५ कोटी आणि युनिटला जेमतेम सव्वादोन रुपये. भारतात मजुरी आणि बांधकाम स्वस्त, त्यामुळे फ्रेंच भट्टीही इथे फ्रान्सइतकी महाग पडणार नाही, हे मी मान्य करतो. पण ती किती स्वस्त पडेल हे करारात लिहून घ्यायला हवं. अंदाज चौपट झाला की वाढीव पैसे कोणी भरायचे, हा माझ्या मते सगळ्यात मोठा प्रश्न आहे.

घरच्या बिलावरचा परिणाम असा काढा. समजा महावितरणच्या खरेदीतला दहावा हिस्सा आठ रुपयांनी महाग झाला. मग सरासरी युनिट ८० पैशांनी वाढेल. महिन्याला १०० युनिट जाळणाऱ्या घराचे ८० रुपये वाढतील, त्यावर १६ टक्के वीज शुल्क धरून सुमारे ९३. वहनातली गळती याहून वेगळी.

सौर वीज याहून स्वस्त आहे. सौर कृषी वाहिनी योजनेतले दर तीन रुपयांच्या आसपास आले. पण सूर्य मावळल्यावर ती बंद, आणि अणुभट्टी रात्रीही चालते. रात्रीच्या विजेला थोडे जास्त पैसे मोजायला माझी हरकत नाही. साडेअकरा रुपयांना मात्र आहे.

किमतीइतकंच इंधनाचंही विचारलं पाहिजे. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकने बांधल्या, अमेरिकेच्याच सवलतीच्या कर्जावर, आणि १९६९ मध्ये त्या सुरू झाल्या. इंधनपुरवठ्याचा करारही होता. तरी १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर अमेरिकेने हात आखडता घेतला आणि पुढे फ्रान्स, चीन, रशिया अशी दारं ठोठावावी लागली.

विचारायचं कुठे? महावितरणच्या दरवाढीची याचिका महाराष्ट्र वीज नियामक आयोगापुढे येते. तिची जाहीर सूचना वर्तमानपत्रांत छापून येते. लेखी हरकत कोणीही ग्राहक पाठवू शकतो, सुनावणीत बोलू शकतो, वकील लागत नाही. मात्र अणुविजेचा मूळ दर आयोग ठरवत नाही. तो केंद्राचा अणुऊर्जा विभाग ठरवत आला आहे, आणि आयोगापुढे तो ठरलेला खर्च म्हणूनच येतो. त्यामुळे जैतापूरच्या दराबद्दलचं पत्र करार होण्याआधी धाराशिवच्या खासदारांकडे गेलं पाहिजे. त्यात तीन गोष्टी मागा: मेगावॉटला कमाल किती कोटी, उशीर झाल्यास भुर्दंड कोणावर, आणि इंधनाची हमी किती वर्षांची.