नडलेला दिवस

बीड जिल्ह्यातून बालाघाटाच्या डोंगररांगा पसरलेल्या आहेत. या डोंगराळ भागातील जमीन हलकी व मुरमाड आणि पाऊस बेभरवशाचा. म्हणून दसरा-दिवाळी झाली की येथील हजारो कुटुंबे ऊस तोडण्यासाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. ऊसतोडीच्या हिशेबात नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. घरची कर्ती माणसे अशी परमुलखी गेली म्हणजे गावात मागे राहतात ती म्हातारी माणसे आणि शाळेत जाणारी मुले.

अशाच एका गावातील एका घरात आजी, सातवीत शिकणारा नातू आणि चौथीत शिकणारी नात अशी तिघे राहत होती. माघ महिना चालला होता. आईवडिलांना कारखान्यावर जाऊन तीन महिने लोटले होते. दर बुधवारी रात्री आईचा फोन येई, आणि आठवड्याचे बाकीचे दिवस मुले त्या रात्रीकडे डोळे लावून बसत.

तो दिवस बुधवारचा होता.

आदल्या संध्याकाळीच कोठेतरी तार तुटून गावातील वीज गेली होती. पहाटे मुलगा उठला तो चाचपडतच. वीज नाही म्हणून पाणी वर चढविणारी मोटार बंद, आणि मोटार बंद म्हणून नळाला पाणी नाही! आजीने अडगळीतून जुना पोहरा व दोर काढून दिला. मुलगा गावविहिरीवर गेला. दोन पोहरे त्याने सुखरूप वर काढले. तिसऱ्या वेळी दोर मध्येच तटकन तुटला आणि पोहरा धपकन पाण्यात पडून दिसेनासा झाला. अर्धी भरलेली कळशी घेऊन तो पाय आपटीत घरी निघाला, तोच वाटेत त्याच्या चपलेचा अंगठा तुटला. घरी येऊन पाहतो तर ज्वारीच्या पिठाचा डबा रिकामा. आणि विजेवाचून गिरणी चालणार कशी? एवढे होऊन शेवटी त्याने फोन हाती घेतला. त्याचा दिवाही मालवला होता.

मुलाने कळशी धाडकन खाली ठेवली. "आजी, आजचा दिवसच वाईट आहे! एक वस्तू धड चालेल तर शपथ!"

आजी चुलीपुढे बसली होती. तिने तुटलेला दोर हातात घेऊन शांतपणे न्याहाळला. मग ती म्हणाली, "लेकरा, हा दोर तुझ्या आजोबांनी वळलेला. किती वर्षे त्याने पोहरा वर आणला, ते मोजलेस का कधी?"

"नाही."

"आज एकदा खाली राहिला, तो मात्र बरोबर मोजलास!"

मुलगा काही बोलला नाही. आजीने दोराचेच एक सूत काढून चपलेचा अंगठा बांधून दिला आणि भावंडे शाळेला गेली.

शाळेतही वीज नव्हतीच. जो तो आपल्या घरची रडकथा सांगत होता. कोणाची आंघोळ राहिली होती, कोणाच्या घरी चहा झाला नव्हता. गुरुजींनी सारे ऐकून घेतले व पुस्तक मिटून बाजूला ठेवले.

"वस्तू चालत असते तेव्हा ती आपल्याला दिसत नाही," ते म्हणाले. "ती बंद पडली म्हणजे मग तिच्यामागे कोण कोण उभे होते ते दिसू लागते. नळाला पाणी का नाही? वीज नाही म्हणून. आता उलट प्रश्न विचारतो. पाणी नसेल तर वीज मिळेल काय?"

मुले गोंधळली. गुरुजी पुढे म्हणाले, "आपल्याच जिल्ह्यात परळी वैजनाथ येथे औष्णिक वीजकेंद्र आहे. तेथे कोळसा जाळून पाण्याची वाफ करतात आणि त्या वाफेच्या जोरावर यंत्रे फिरवून वीज निर्माण करतात. 2013 साली आणि पुन्हा 2015 साली दुष्काळामुळे त्या केंद्राला पाणी मिळेना, म्हणून तेथील वीजनिर्मिती थांबवावी लागली. यंत्रे होती, माणसे होती, पाणी नव्हते. म्हणजे घरातील दिवा पाण्यावर अवलंबून आहे आणि घरातील पाणी दिव्यावर!

"दुसरे उदाहरण घ्या. केज तालुक्यात धनेगाव येथे मांजरा नदीवर धरण आहे. शेजारच्या लातूर शहराला त्यातून पाणी मिळते. 2016 च्या उन्हाळ्यात हे धरण आटले. त्या वर्षी एप्रिल महिन्यात मिरजेहून सुमारे साडेतीनशे किलोमीटर अंतर तोडून आगगाडीने लातूरला पाणी आणण्यात आले. पहिल्या गाडीला पाण्याचे 10 डबे होते आणि प्रत्येक डब्यात सुमारे 50,000 लीटर पाणी होते. एकूण किती झाले?"

"पाच लक्ष लीटर!" मुलांनी एकसुरात उत्तर दिले.

"होय. परंतु शहरातील सर्वांना ते सारखे वाटले असते, तर माणशी दीड लीटरही आले नसते. अशी गाडी येते तेव्हा तिच्यामागे किती हात असतात याचा विचार करा. कोणी डबे धुऊन स्वच्छ केले असतील, कोणी रात्री जागून ते भरले असतील, कोणी गाडी हाकली असेल. ज्या गावांनी आपले पाणी दिले त्यांचेही उपकार आहेतच."

मग गुरुजींनी बीड शहराजवळील खजाना विहिरीची हकीकत सांगितली. निजामशाहीच्या काळात, 1582 च्या सुमारास, सलाबतखान नावाच्या जहागीरदाराने ही विहीर बांधविली. तिच्यातील पाणी जमिनीखालच्या नाल्यातून उताराने वाहत दूरच्या शेतांकडे जाते. त्यासाठी मोट लागत नाही, की इंजिन लागत नाही. दुष्काळातही ही विहीर साथ देते, अशी तिची ख्याती आहे. "ज्यांनी तो नाला खोदला," गुरुजी म्हणाले, "त्या मजुरांपैकी एकाचेही नाव आपल्याला ठाऊक नाही. पण चारशे वर्षे लोटली, तरी त्यांच्या कुदळीचे उपकार चालूच आहेत."

तेवढ्यात मागच्या रांगेतील एक मुलगी उठून उभी राहिली. "गुरुजी, मग दुष्काळाचेही आभार मानावयाचे काय? दुष्काळामुळेच तर आमचे आईबाप ऊस तोडायला जातात."

वर्ग एकदम स्तब्ध झाला. अर्ध्याहून अधिक मुलांचे आईबाप त्या दिवशी उसाच्या फडात होते.

गुरुजी थोडा वेळ थांबले. "चांगले विचारलेस," ते म्हणाले. "संत तुकारामांचे नाव तुम्ही जाणताच. 1630 च्या सुमारास महाराष्ट्रात फार मोठा दुष्काळ पडला. त्यात त्यांचा व्यापार बुडाला, घरची माणसे गेली. पुढे एका अभंगात त्यांनी, दिवाळे निघाले ते बरेच झाले, असे देवाला म्हटले आहे. पण लोक उपाशी मेले ते बरे झाले, असे त्यांनी म्हटलेले नाही. परंपरा तर असे सांगते की, लोकांकडून येणे असलेल्या कर्जाची आपल्या वाट्याची खते त्यांनी इंद्रायणीत बुडविली. दुःखातून ते एवढे शिकले की, दुसऱ्याचे दुःख आपल्या हातून वाढू नये. तेव्हा बाळ, दुष्काळाचे आभार मानू नयेत. दुष्काळाशी झुंजावे; बांध घालावेत, पाणी अडवावे, झाडे लावावीत. आभार मानावयाचे ते दुष्काळात आपल्याबरोबर उभ्या राहणाऱ्या माणसांचे."

शाळा सुटल्यावर मुलगा घरी आला तो तडक शेजारच्या काकांकडे गेला. "काका, आमचा पोहरा विहिरीत पडला आहे. काढून द्याल का?" काकांनी भिंतीवरचा लोखंडी गळ काढला, त्याला लांब दोर बांधला आणि दोघे विहिरीवर गेले. काकांनी गळ पाण्यात सोडून तळाशी हळूहळू फिरविला. काहीतरी अडकले. ओढून वर काढतात तो चिखलाने माखलेली एक पितळी कळशी!

"अरेच्या! ही तर खालच्या आळीतील म्हातारीची," काका म्हणाले. "पोळ्याच्या सुमारास पडली होती बिचारीची."

दुसऱ्या खेपेस पोहराही निघाला. मुलाने कळशी राखेने घासली आणि ती खालच्या आळीत पोहोचती केली. म्हातारीने कळशी दोन्ही हातांनी धरली, उलटसुलट करून पाहिली आणि पदराने पुसली. "माझ्या आईने दिलेली होती रे," एवढेच ती म्हणाली. सकाळी तो दोर तुटला नसता तर ही कळशी अजून तळाशीच पडून असती, हा विचार त्याच्या मनात परतताना वारंवार येत राहिला.

घरी आजीने कोपऱ्यातील जाते मांडले होते. त्याला टाकी लावून कितीतरी वर्षे झाली होती. बारीक पीठ पडेना. तेव्हा तिने ज्वारी भरडून तिच्या कण्या शिजविल्या होत्या. शेळीच्या दुधात कालविलेल्या त्या ऊन ऊन कण्या मुलांनी करडईच्या तेलाच्या दिव्यापाशी बसून खाल्ल्या. धाकटीने तर वाटी बोटांनी पुसून काढली आणि विचारले, "आजी, रोज कण्याच का करीत नाहीस?"

आजी हसली. "रोज दळावे लागले असते म्हणजे कळले असते! तुझ्या आईच्या लग्नापर्यंत मी पहाटे उठून दळत होते. गिरणी आली आणि माझे हात सुटले. गिरणीचे उपकार मी अजून विसरले नाही."

मग बोलता बोलता ती म्हणाली, "आपल्या लोकांनी ही आठवण राहावी म्हणून वर्षाचे दिवसच नेमून ठेवले आहेत. आषाढी अमावास्येला आपण घरातले दिवे घासूनपुसून पुजतो. पोळ्याला बैलाच्या खांद्याला लोणी लावतो. खंडेनवमीला कोयता, विळा, कुऱ्हाड मांडून त्यांना हळदकुंकू वाहतो. लक्ष्मीपूजनाला केरसुणीचीसुद्धा पूजा करतो. वर्षभर जिला पायाआड ढकलतो, तिच्यापुढे एक दिवस तरी हात जोडावयाचे. पण पूजा एक दिवसाची आणि निगा रोजची, हे ध्यानात ठेव. दोराला पीळ सुटू लागला होता. तो माझ्या नजरेला पडायला हवा होता. नुसते हात जोडून दोर टिकत नाही, लेकरा."

मुलगा उठला आणि दिव्याच्या उजेडात दोराची दोन टोके एकमेकांत गुंफू लागला. त्याचे लक्ष मात्र पुन्हा पुन्हा बंद पडलेल्या फोनकडे जात होते. आजीने ते पाहिले. सकाळचा सारा राग कशाचा होता, हे तिला पहिल्यापासूनच उमगले होते.

इतक्यात दारावर थाप पडली. शेजारचे काका उभे होते. त्यांच्या हातात त्यांचा फोन होता. "तुमचा लागेना, म्हणून तुझ्या आईने माझ्याकडे केला," ते म्हणाले. "बोल!"

धाकटीने फोन हिसकावलाच. तिने कण्या, कळशी, चप्पल, सारे एका दमात सांगून टाकले. मग तो मुलाच्या हाती आला. दर बुधवारी तो आईला आपल्या गरजा सांगे. वही हवी, सदरा हवा, तू लवकर ये. आज प्रथमच त्याने निराळे विचारले, "आई, तुमच्या कोपीत पाणी कोठून आणता?"

पलीकडे क्षणभर शांतता पसरली. "लांबून आणते रे," आई म्हणाली. "पहाटे फडावर जाण्याआधी दोन खेपा होतात. आज तुझ्या बाबांच्या गाडीचे चाक निखळले. उसाने भरलेली गाडी! टोळीतली सगळी माणसे धावून आली आणि सर्वांनी मिळून ती उचलून धरली. पण तू आज हे का विचारलेस?"

"सहजच," मुलगा म्हणाला. त्याचा कंठ दाटून आला होता.

रात्री उशिरा गावात वीज आली. घराघरातून आनंदाचा गलका उठला. मुलगा दारात येऊन उभा राहिला. गावाबाहेरच्या खांबावरून कमरेला पट्टा बांधलेला एक वायरमन सावकाश खाली उतरत होता. थंडी मी म्हणत होती. मुलाने पोहऱ्यातील गार पाण्याचा तांब्या भरला, मग क्षणभर विचार करून तो परत ठेवला आणि आजीला म्हणाला, "आजी, चूल अजून धगधगत आहे ना? थोडा चहा ठेवशील का?"

स्वाध्याय

1. "आज एकदा खाली राहिला, तो मात्र बरोबर मोजलास!" या वाक्यातून आजीने नातवाला काय सुचविले?
2. घरातील दिवा पाण्यावर आणि घरातील पाणी दिव्यावर अवलंबून आहे, असे गुरुजी का म्हणाले?
3. दुष्काळाचे आभार मानावे काय, या प्रश्नाला गुरुजींनी दिलेले उत्तर आपल्या शब्दांत लिहा.
4. मुलाने आईला विचारलेला प्रश्न नेहमीपेक्षा निराळा कसा होता?
5. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा : डोळे लावून बसणे, टाकी लावणे, कंठ दाटून येणे, थंडी मी म्हणणे.
6. आपल्या घरातील एखादी वस्तू बंद पडली, तर तिच्यामागे असलेल्या कोणकोणत्या माणसांच्या श्रमांची आठवण होईल, ते दहा ओळींत लिहा.